क्रिसिपस नेमका कोणता?

जुलै २०२४ मध्ये माद्रिदला आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या नामकरण विभागात एका अक्षरावर मतदान झालं. ‘काफ्रा’ किंवा त्याच्या जवळपासचं शेपूट असलेली दोनशेहून जास्त शास्त्रीय नावं आहेत. बहुतेक आफ्रिकेतल्या वनस्पतींची, काही बुरशींची आणि शेवाळांची. मूळ शब्द अरबी, काफिर. अरबांकडून तो पोर्तुगीजांनी उचलला, पुढे डच आणि इंग्रज वसाहतवाल्यांनी, आणि दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला हिणवायची ती सगळ्यांत घाणेरडी शिवी होऊन बसली. आज तिथे हा शब्द कुणाला उद्देशून वापरला तर कोर्टाची पायरी चढावी लागते. ठराव साधा होता. पहिलं अक्षर उडवा, ‘काफ्रा’चं ‘आफ्रा’ करा, म्हणजे ‘आफ्रिकेतली’. बाजूने ३५१ मतं पडली, विरोधात २०५. लागणारं साठ टक्क्यांचं बहुमत जेमतेम ओलांडलं गेलं. आपल्या पांगाऱ्याचा तिकडचा भाऊबंद एरिथ्रिना काफ्रा आता एरिथ्रिना आफ्रा झाला.

प्राणिशास्त्रातल्या नामकरण आयोगाने त्याआधी वर्ष-दीड वर्ष बरोबर उलटी भूमिका घेतली होती. नैतिक कारणावरून जुनी नावं बदलायला लागलो तर शास्त्राचा व्यवहार कोलमडेल, असं आयोगाच्या मंडळींनी २०२३ च्या सुरुवातीला लिहून टाकलं. त्याच वर्षी काही जीवशास्त्रज्ञांनी पार दुसरं टोक गाठलं: प्राण्या-वनस्पतींना माणसांची नावं देणंच बंद करा. आणि नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञांच्या संस्थेने जाहीर केलं, की आपल्या अखत्यारीतल्या पक्ष्यांच्या इंग्रजी नावांमधून सगळ्या माणसांना आम्ही काढणार. चांगली माणसं, वाईट माणसं, सगळी.

मला माद्रिदचा निर्णय बरोबर वाटतो. तरीही नावांच्या सरसकट सफाईला माझा विरोध आहे. ही दोन मतं एकत्र नांदू शकतात का, हे तपासायला एखादं नाव समोर घ्यावं लागेल. ज्याच्याबद्दल आज कुणाचीच तक्रार नाही असं घेतलं तर उत्तम, कारण तिथे डोकं थंड राहतं. मी ‘क्रिसिपस’ घेतो.

हे नाव ज्याला लागलंय ते फुलपाखरू आपल्याकडे कुठेही दिसतं. भगवे-पिवळसर पंख, टोकाला काळा रंग आणि त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. उडणं संथ, जणू घाई कशाची. इंग्रजीत प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा, शास्त्रात डॅनॉस क्रिसिपस. त्याची मादी रुईवर अंडी घालते. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच रुई. तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. अळी पानं खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं. एखाद्या पक्ष्याने हे फुलपाखरू एकदा चोचीत धरलं की पुन्हा तो भगव्या रंगाच्या वाटेला जाताना विचार करतो. या धाकाचा फायदा दुसरेही घेतात. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी स्वतः विषारी नसून हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या चंद्रांचा, त्याचा या सोंगाशी काही संबंध नाही. आफ्रिकेपासून भूमध्य समुद्राच्या काठाने भारत आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत हे फुलपाखरू पसरलं आहे. इजिप्तमधल्या थीब्जला नेबामुन नावाच्या कारकुनाच्या थडग्यात इ.स.पू. १३५० च्या सुमाराची शिकारीची भिंतचित्रं सापडली. त्यांत पाणगवतावर उडणारी फुलपाखरं याच जातीची मानतात. म्हणजे ज्याचं चित्र माणसाने फार पूर्वी काढून ठेवलं अशा मोजक्या फुलपाखरांपैकी हे एक.

त्याला नाव दिलं कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने, १७५८ मध्ये. त्या वर्षीच्या ग्रंथात त्याला चार हजारांवर प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावं द्यायची होती. फुलपाखरांपाशी आल्यावर त्याने ग्रीक पुराणांचं कोठारच उघडलं. मोठ्या, शेपटीच्या फुलपाखरांची त्याने दोन सैन्यं केली: ट्रोजन आणि ग्रीक. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे लाल ठिपके ती ट्रोजनांची, कारण हरले ते. आपल्या कोकणात आणि घाटात दिसणारं काळं-लाल क्रिमझन रोज अजूनही ट्रोजन वीर हेक्टरचंच नाव चालवतंय. या सैन्यांखेरीज एक गट त्याने ‘डॅनाय’ म्हणून केला, त्यात पांढरी वेगळी आणि रंगीत वेगळी. रंगीतांमध्ये क्रिसिपस बसला.

पण कोणता क्रिसिपस? नाव एकच आणि दावेदार निदान तीन.

पहिला तत्त्वज्ञ. इ.स.पू. २७९ च्या सुमाराला आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर सोली इथे जन्मला, लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचा, मग अथेन्सला येऊन स्टोइक पंथात शिरला. झेनोने पंथ काढला, क्लिअँथिसने तो सांभाळला, आणि तिसऱ्या गादीवर आलेल्या क्रिसिपसने त्याला तर्काचा पाया दिला. क्रिसिपस नसता तर स्टोआही (म्हणजे हा पंथही) नसता, अशी म्हणच पडली होती. ‘जर पहिलं तर दुसरं, पहिलं आहे, म्हणून दुसरं आहे’ अशा वाक्यांच्या साखळीचं तर्कशास्त्र त्याने बांधलं. पुढची दोन हजार वर्षं ॲरिस्टॉटलच्या सावलीत ते दबून गेलं आणि विसाव्या शतकात तर्कशास्त्रज्ञांना त्याची खरी किंमत कळली. त्याचा कुत्रा अजून प्रसिद्ध आहे. शिकारीमागे धावताना तिठ्यावर आला, दोन वाटा हुंगल्या, वास नाही. तिसरी न हुंगताच तिच्यावर सुटला. मग हा तर्क नाही तर काय?

सातशे पाचहून जास्त ग्रंथ त्याच्या नावावर सांगतात. त्यातला एकही पूर्ण उरलेला नाही. दुसऱ्यांचे उतारे तो इतके घालायचा की एका पुस्तकात नाटककार युरिपिडीसचं ‘मेडिया’ हे नाटक जवळजवळ सगळंच उतरवलं होतं म्हणे. ते पुस्तक हातात असलेल्याला कुणी विचारलं काय वाचतोस, तर तो म्हणाला, ‘क्रिसिपसचं मेडिया’. मरणाची कथाही तशीच. गाढवाने त्याची अंजिरं खाल्ली. ‘आता त्याला वर निखळ वाइनही पाजा’ असं नोकराला सांगून हा इतका हसला की हसता हसता गेला. दुसऱ्या कथेत वाइन त्यानेच प्यायली. मला गाढवाची कथा जास्त पटते, खरी म्हणून नव्हे, त्याच्या टीकाकारांनी पसरवावी अशी आहे म्हणून. अथेन्समधला त्याचा पुतळा शेजारच्या घोडेस्वाराच्या पुतळ्याआड झाकला जायचा. नावाचा अर्थ ‘सोन्याचा घोडा’, तर विरोधी पंथातला कार्निआडीस त्याला घोड्याआड दडलेला म्हणून ‘क्रिप्सिपस’ म्हणायचा.

दुसरा क्रिसिपस पुराणातला, पेलॉप्स राजाचा अनौरस, लाडका मुलगा. थीब्जचा लायस (ग्रीसमधलं थीब्ज, नेबामुनचं वेगळं, नावांची गर्दी इथेही आहेच) पाहुणा म्हणून आला. पोराला रथ हाकायला शिकवतो म्हणाला, आणि त्याला पळवून नेऊन त्याच्यावर बळजबरी केली. काही कथांत मुलाने शरमेने जीव दिला. काहींत सावत्र आईने त्याला सावत्र भावांकडून मारवलं. पेलॉप्सने लायसला शाप दिला, आणि लायसचा मुलगा इडिपस याच्या घराण्याची पुढची सगळी धूळधाण त्या शापातून निघाली असं ग्रीक मानत. युरिपिडीसने या मुलावर ‘क्रिसिपस’ नावाचं नाटक लिहिलं होतं, ते हरवलं.

तिसरा क्रिसिपस कुणाच्या खिजगणतीत नाही. डॅनॉस आणि इजिप्टस हे दोन भाऊ. एकाला पन्नास मुली, दुसऱ्याला पन्नास मुलगे. इजिप्टसच्या मुलांना या चुलत बहिणींशी लग्नं करायची होती. डॅनॉस मुलींना घेऊन अर्गॉसला पळाला. पोरं मागोमाग आली आणि शेवटी लग्नं लागली. लग्नाच्या रात्री डॅनॉसने प्रत्येक मुलीच्या हाती खंजीर दिला. एकूणपन्नास नवरे झोपेत मारले गेले. एकीने, हायपर्मनेस्ट्राने, आपला वाचवला. कोणाची गाठ कोणाशी पडली याच्या जुन्या यादीत बहुतेक जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या आहेत, काही मात्र नावाला नाव जुळलं म्हणून. त्यांतली एक जोडी: क्रिसिपी आणि क्रिसिपस.

लिनियसने बहुधा हाच घेतला. गटाचं नाव डॅनाय आहे, म्हणजे डॅनॉसची माणसं, आणि गटातल्या क्रिसिपसच्या शेजारच्या प्लेक्सिपसचं नावही त्याच पन्नास मुलांच्या यादीत सापडतं. तत्त्वज्ञाचा इथे संबंध दिसत नाही. लायसच्या हाती सापडलेल्या मुलाचा दिसतो तोही अंधूकच. पुढे १७८० मध्ये क्लूक नावाच्या पोलिश पाद्री-निसर्गअभ्यासकाने या फुलपाखरांना स्वतंत्र प्रजात दिली आणि तिचं नाव ठेवलं डॅनॉस. तेव्हापासून या जोडनावात पहिल्या जागी ज्याने खंजीर वाटले तो सासरा आणि दुसऱ्या जागी खंजीर ज्याच्या छातीत गेला तो जावई.

आता नैतिक निकष लावून बघा. डॅनॉस खुनी म्हणायचा का? खंजीर त्याचे होते. पण मुलींना लग्नं नको होती, भावाची पोरं सैन्य घेऊन आली होती. एस्किलसने तर आपल्या नाटकात सहानुभूती त्या मुलींनाच दिली आहे. उलट, नंतरच्या कथांत याच मुली पाताळात गळक्या भांड्याने पाणी भरण्याची शिक्षा भोगतात. ज्या कथेचा निकाल ग्रीकांनाच अडीच हजार वर्षांत लावता आला नाही, तो वर्गीकरणतज्ज्ञांची समिती लावणार आहे का? आणि लावला तरी बिबळ्या कडव्याबद्दल आपल्याला त्यातून काय कळणार?

घरचंच उदाहरण घ्या. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. निवड झाली ब्लू मॉर्मनची, आपल्या राणी पाकोळीची. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. हे नाव ज्याच्याशी जोडलं जातं तो थ्रेसचा राजा ट्रोजन युद्धातला नीच माणूस होता. ट्रॉयचा राजा प्रायम याने आपला धाकटा मुलगा सोन्यासकट त्याच्याकडे सांभाळायला दिला. ट्रॉय पडतंय असं दिसताच त्याने सोन्यासाठी पोराला मारलं. पोराच्या आईने, हेक्युबाने, नंतर त्याचे डोळे काढले. राज्याच्या मानचिन्हाला बालहत्येचं नाव, असा मथळा कुणी करायचं ठरवलं तर सहज करता येईल. कुणी केलेला नाही, आणि करू नये. कारण ते नाव ऐकून कुणाच्याच अंगावर काटा येत नाही.

सफाईवाल्यांचं उत्तर मला ठाऊक आहे: पुराणातल्या राजांचं सोडा, खरी माणसं बघा. बघू. स्लोव्हेनियातल्या गुहांमध्ये डोळे नसलेला एक तपकिरी भुंगा आहे. १९३७ मध्ये एका ऑस्ट्रियन हौशी संग्राहकाने त्याचं नाव हिटलरवरून ठेवलं, कौतुकाने. ते अजून तसंच आहे, कारण नियमांप्रमाणे रीतसर दिलेलं नाव फक्त आवडत नाही म्हणून काढता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पिवळ्या फुलांच्या एका वनस्पती-प्रजातीला जॉर्ज हिबर्टचं नाव आहे. हा लंडनचा व्यापारी गुलामांच्या जिवावर श्रीमंत झाला आणि गुलामगिरी उठू नये म्हणून धडपडला. अशी नावं कोरताना लोकांना मान द्यायचा होता, आणि तो मान आजही चालू आहे, असं सफाईवाले म्हणतात. हा मुद्दा सहज झटकण्यासारखा नाही.

यावर प्राणिशास्त्राच्या आयोगाचं ठरलेलं उत्तर म्हणजे स्थैर्य. नाव बदललं की जुने संदर्भ, संग्रहालयातल्या चिठ्ठ्या, विषाचे अभ्यास सगळे विस्कटतात. यात तथ्य आहे. प्लेक्सिपसचंच बघा. लिनियसच्या वर्णनात अमेरिकेतलं मोनार्क आणि आपल्याकडचं पट्टेरी टायगर अशी दोन वेगळी फुलपाखरं मिसळली गेली होती. त्यामुळे हे नाव कुणाचं यावर जवळजवळ दोनशे वर्षं घोळ चालला. शेवटी १९५४ मध्ये आयोगाने निवाडा दिला: प्लेक्सिपस अमेरिकेचं, आशियातलं ते जेनुशिया. तरीही स्थैर्याची ही सबब मला लंगडीच वाटते. शास्त्रीय नावं तशीही बदलत असतात. क्रिसिपस आधी पॅपिलिओ होता, मधे डॅनाइस, लिम्नास अशीही घरं बदलून डॅनॉसमध्ये आला. ऑस्ट्रेलियातलं त्याचं रूप आता वेगळी जात धरतात. जुनी-नवी नावं जोडून ठेवायला आता संगणकही आहेत. बदलाची सवय असलेल्या शास्त्राने नेमक्या याच बदलाला घाबरायचं कारण काय?

माझं कारण निराळं आहे. क्रिसिपस पॅपिलिओतून डॅनॉसमध्ये गेला तेव्हा त्या फुलपाखराबद्दल आपल्याला काहीतरी नवीन समजलं होतं. नाव ज्ञानाच्या मागोमाग चाललं होतं. एखाद्या मेलेल्या माणसाच्या चारित्र्यावरून नाव बदलतं तेव्हा त्या जिवाबद्दल शून्य माहिती वाढते, आणि चारित्र्य तपासणाऱ्या माणसांचं एक कायमचं कार्यालय तेवढं उघडतं. आधी गुलामांचे मालक, मग वसाहतींचे अधिकारी, मग त्यांच्या पैशावर प्रवास केलेले संग्राहक, मग त्या संग्राहकांना नमुने आणून देणारे. लिनियसने स्वतः माणसांचे रंगावरून चार प्रकार पाडले आणि त्यांना स्वभाव चिकटवले. त्या लिखाणातून पुढे काय निघालं ते आपण बघितलंच. मग ज्या नावापुढे लिनियस लिहिलेला आहे ती सगळी काढायची? तेवढी रेघ कुठे मारायची हे सफाईवाल्यांपैकी कुणीही मला पटेल असं सांगितलेलं नाही.

‘तर मग माणसांची नावंच बंद करा’ हा पर्याय या अडचणीतून सुटायला निघाला. पक्षितज्ज्ञांच्या संस्थेनेही तेच केलं, एकेकाचा निवाडा नको म्हणून सगळ्यांना एकदमच काढलं. दिसायला हे न्याय्य आहे. पण आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक अभ्यासकांनी लगेच ओळखलं की हे कुणाच्या अंगावर येणार. अडीचशे वर्षं युरोपीय साहेबांची नावं जिवांना लागली. आता कुठे आपली माणसं आपल्या जंगलांतल्या जिवांना नावं देऊ लागली आहेत, तर खेळच बंद. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली. तिचं नाव ठेवलं इसिअस तुकारामी, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात गोळ्या अंगावर झेलत कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. हे नाव चुकलं असं मला कुणी समजावून दाखवावं. फर्मान लागू झालं तर यापुढचा कुठलाही तुकारामी होणार नाही, आणि शास्त्रीय नावांतले जुने सगळे साहेब तसेच राहतील, कारण फर्मान पुढच्यांना लागू होतं.

इथे तत्त्वज्ञ क्रिसिपसची आठवण येते, कारण नाव आणि वस्तूचं नातं काय, यावर तो भांडला होता. रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो त्याप्रमाणे, प्रत्येक शब्द मुळातच संदिग्ध असतो, एकाच शब्दातून दोन किंवा जास्त गोष्टी समजू शकतात, असं क्रिसिपसचं म्हणणं. (क्रिसिपस नावाचे वैद्यही कितीतरी होते, आणि शेतीवर लिहिणारा एक. तत्त्वज्ञाचा चरित्रकार शेवटी त्यांची वेगळी यादीच देतो.) क्रिसिपसच्या थोडा आधीचा तत्त्वज्ञ डायोडोरस क्रोनस म्हणायचा, संदिग्ध काही नसतं, बोलणाऱ्याच्या मनात जे असेल तोच अर्थ. नावं निव्वळ ठरवण्यावर असतात हे दाखवायला डायोडोरसने काय केलं, तर आपल्या एका गुलामाचं नाव एका उभयान्वयी अव्ययावर ठेवलं. मराठीत त्याला ‘पण मग’ अशी हाक मारावी तसं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा किस्सा सांगून हसतात. मला तो बोचतो. नाव म्हणजे रिकामी चिठ्ठी हे सिद्ध करायला डायोडोरसला असा माणूस लागला ज्याला नाही म्हणता येत नव्हतं. नाव रिकामं होतं मालकाच्या लेखी. ‘पण मग’ म्हणून हाक आल्यावर उठणाऱ्याच्या लेखी ते किती रिकामं होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. शास्त्रीय नाव ही नुसती खूणचिठ्ठी आहे, तिच्यात मान नाही की अपमान नाही, असं आयोगाची मंडळी सांगतात तेव्हा ते डायोडोरसच्या जागी उभे असतात. आणि माद्रिदला ज्यांनी ‘काफ्रा’चा ठराव मांडला ते गुलामाच्या बाजूने बोलत होते.

म्हणून माझी रेघ मी अशी मारतो. नाव ज्याचं आहे त्याचं चारित्र्य तपासू नका. ते नाव आज कुणाला लागतं ते बघा. ‘काफ्रा’ कुणाचंच नाव नाही, ती शिवी आहे. ती वाचायला इतिहास माहीत असावा लागत नाही. ज्या देशातलं झाड त्याच देशातल्या विद्यार्थ्याला झाडाच्या पाटीवर स्वतःसाठी राखून ठेवलेली शिवी वाचावी लागते. ती गेलीच पाहिजे होती. क्रिसिपस, डॅनॉस, पॉलिम्नेस्टर कुणालाच लागत नाहीत. ती राहू देत, त्यांच्या कथा कितीही रक्ताळलेल्या असल्या तरी. हिटलरच्या भुंग्याचं नाव मी बदलेन, आणि कारण हिटलर वाईट होता हे नसेल. या नावामुळे नाझी आठवणींचे शौकीन त्या भुंग्याचे नमुने विकत घेतात, गुहांमधून तो चोरीला जातो, आणि नावापायी एक जीव धोक्यात येतो. हिबर्टचं मला सांगता येत नाही. जमैकातल्या गुलामांच्या वंशजांना ते नाव लागत असेल तर त्यांनी सांगावं आणि त्यांचं ऐकावं. लंडनच्या किंवा सिडनीच्या कुणी त्यांच्या वतीने दुखावून घेऊ नये. ही रेघ सरळ नाही, मान्य. पण सरळ रेघ मारायच्या नादात एका बाजूला हिटलर सुरक्षित राहतो आणि दुसऱ्या बाजूला तुकाराम ओंबळ्यांना बंदी होते. त्यापेक्षा वाकडी बरी.

रोजच्या भाषेतल्या नावांना मात्र मी हा सावधपणा लावणार नाही. तिथे नाव माणसांच्या तोंडी असतं, पोरं ते शाळेत शिकतात, म्हणून ते बदलायचा हक्क बोलणाऱ्यांचा. ब्लू मॉर्मनचंच बघा. शास्त्रीय नावात बालहत्या करणारा राजा असून चालतं, पण इंग्रजी नावातला ‘मॉर्मन’ हा एका जिवंत धर्मपंथावर मारलेला टोमणा आहे. या गटातल्या कॉमन मॉर्मनच्या माद्या तीन-तीन वेगळ्या रूपांत आढळतात, तेव्हा एका नराच्या अनेक बायका म्हणून इंग्रजांनी बहुपत्नीत्वासाठी बदनाम असलेल्या पंथाचं नाव ठेवून दिलं. आपल्याला त्या विनोदाशी काय देणंघेणं? तरी सरकारी पत्रकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत आपण आपल्याच राज्य फुलपाखराला बिनदिक्कत ब्लू मॉर्मन म्हणतो आणि राणी पाकोळी कंसात टाकतो. बिबळ्या कडवा या नावात रंगही आहे आणि चवही. पक्ष्याने चोच मारून जे शिकावं ते पोराला नावातच कळतं. ही नावं काही जुनी, काही अलीकडे अभ्यासकांनी बसून ठरवलेली. ठरवलेली आहेत म्हणून नाकं मुरडणारे आहेत, पण लिनियसनेही बसूनच ठरवली होती. गावांची नावं बदलण्याचा वाद मी यात ओढत नाही, कारण गावात माणसं राहतात आणि त्यांचे हिशेब निराळे असतात; फुलपाखराला हिशेब नाही.

प्राणिशास्त्राच्या आयोगाला काही नवं शोधायची गरज नाही. २००० पासून लागू असलेल्या त्यांच्या संहितेच्या परिशिष्टात लिहिलेलंच आहे, की कुणाच्याही भावना दुखावतील असं नाव माहीत असताना ठेवू नये. पण ते नुसतं आवाहन आहे. पाळलं नाही तर नाव बाद होत नाही. नव्या नावांसाठी ते बंधनकारक करावं. वनस्पतिशास्त्राने माद्रिदला तेच केलं: २०२६ पासून छापल्या जाणाऱ्या नावांपैकी अपमानकारक असतील ती नाकारायला त्यांची समिती असेल. जुन्या नावांसाठी एक अरुंद दरवाजा ठेवावा. एखाद्या प्रकरणात नियम बाजूला ठेवायचा विशेषाधिकार आयोगाकडे आहेच, तो एरवी वापरतातही. अर्ज करायचा हक्क मात्र तो जीव जिथे राहतो तिथल्या लोकांना किंवा ज्यांच्यावर शिवी उगारली गेली त्या समाजाला असावा, आणि अर्जात एकाच प्रश्नाचं उत्तर मागावं: हे नाव आज कुणाला लागतंय, आणि कसं? नावाच्या मूळ मालकाने कधी काळी काय केलं होतं, याचा रकाना अर्जात नसावा.